उचलला की मुका फोन

"फोन उचलला की पलीकडे कुणीच नसतं, पाळत ठेवतात का?" असं कुणीतरी विचारलंय. पाळत कसली हो! ते जाहिरातीचे फोन करणाऱ्या कंपनीचं मशीन असतं. बोलायला १० माणसं बसलेली असली तरी ते एकदम २०-२५ नंबर फिरवतं, कारण बरेच जण उचलणारच नाहीत हे धरून चाललेलं असतं. अंदाज चुकला की उरलेल्यांच्या वाट्याला शांतता, मग कट.

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा ऐन रंगात असताना आमच्या आण्णांचा फोन असाच वाजतो. पिवळी बोटं धोतराला पुसून तीनदा "हॅलो, कोण बोलतंय?" आणि मग ठेवणीतली शिवी, तीही ऐकायला पलीकडे कुणी नाही!

१४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, उचलूच नका. जाहिरातीचा फोन साध्या मोबाईल नंबरवरून आला तर १९०९ वर तक्रार करा, ७ दिवसांच्या आत.