ध्रुवीय बेटांची सफर: स्वालबार्डला जावे की अंटार्क्टिकाला?

टिळकवाडीकर

मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक असून बेळगावात राहतो. बर्फाळ समुद्रातील निर्जन बेटांवर नेणारी सफर एकदा तरी करावी, ही आमची जुनी इच्छा आहे आणि त्यासाठी लागणारी पुंजी आता साठली आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूह आणि अंटार्क्टिकाचे द्वीपकल्प यांपैकी एकच ठिकाण निवडायचे आहे. यजमानांचे चालणे व्यवस्थित आहे, मात्र गुडघा अधूनमधून दुखतो आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. जाहिरातींत सगळीच जहाजे सारखी भासतात, तेव्हा निवड कशाच्या आधारे करावी?

खानापूरचा वाटसरू

नमस्कार ताई. दोन्हीकडे जाऊन आल्यामुळे आग्रहाने सांगतो की, सर्वांत आधी जहाजावर प्रवासी किती असतील, हे विचारावे. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तर कोणालाही उतरवण्याची मुभा नाही. अशा जहाजावरून हिमनग आणि पेंग्विन केवळ डेकवरूनच दिसतात. दोनशेच्या जवळपास प्रवासी असले, तर निम्मे लोक किनाऱ्यावर असताना उरलेले रबरी बोटींतून फिरतात किंवा जहाजावर थांबतात. स्वालबार्डमध्येही 2025 पासून संरक्षित भागांत जाणाऱ्या जहाजांवर 200 प्रवाशांची मर्यादा आहे. भाडे थोडे जास्त पडले तरी लहान जहाजच घ्यावे, कारण किनाऱ्यावर मिळणारा वेळ हेच या सफरीचे खरे मोल आहे.

अंटार्क्टिकाची बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उश्वाया बंदरातून सुटतात आणि ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला जाताना व येताना साधारण दोन-दोन दिवस लागतात. तिथला समुद्र खवळला की धडधाकट माणूसही अंथरुणाला खिळतो. स्वालबार्डला हा त्रास पुष्कळ कमी, कारण तिथे विमानाने थेट 78 अंश उत्तरेवरील लाँगयिअरब्येनला पोहोचता येते आणि पुढचा बराच प्रवास किनाऱ्यालगत व फियॉर्डमधून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांतून होतो. अल्केफ्येलेटचा पक्ष्यांनी गजबजलेला उभा कडा आणि समुद्रात कोसळणाऱ्या धबधब्यांची ब्रोसवेलब्रेन हिमनदी मी कधीच विसरणार नाही. पांढऱ्या अस्वलाच्या जवळ मात्र जाता येत नाही. किमान 300 मीटर अंतर ठेवावे लागते, आणि मार्च ते जून या काळात 500 मीटर. हे नियम मला अगदी योग्य वाटतात. पेंग्विन हवे असतील, तर अर्थातच दक्षिणेला पर्याय नाही.

निपाणीकर

गुडघ्याविषयी लिहितो. जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून हलत्या रबरी बोटीत उतरावे लागते आणि किनारा आला की पुष्कळदा घोटाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. खलाशी मनगटाला धरून आधार देतात, तरीही तोल सांभाळण्याइतकी ताकद स्वतःच्या पायांत हवी. आतापासून जिने चढण्या-उतरण्याचा सराव ठेवावा आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊनच आरक्षण करावे. लाँगयिअरब्येनचे रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो शहरात हलवतात, त्यामुळे अशा स्थलांतराचा खर्च देणारा विमा काढल्याशिवाय निघूच नये. गोळ्या जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

जांबोटीचा गिर्यारोहक

एक बाब राहून गेली. आपल्याकडे चोर्ला घाटात किंवा जांबोटीच्या माळावर फिरून आलेल्या बुटांच्या तळाला, मोज्यांना आणि पिशवीच्या चिकटपट्टीला गवताची कुसळे अडकलेली असतात. तेच बूट तसेच नेले, तर परके बी थेट त्या बेटांवर पोहोचेल. अंटार्क्टिकातील किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेले एक गवत खरोखरच रुजले आहे. म्हणून किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी कपडे व्हॅक्यूमने साफ करतात आणि बूट जंतुनाशकात बुडवून धुतात. कृपया ही सफाई घरीच, सुई-चिमटा घेऊन करा.

आणखी एक सुचवतो. स्वालबार्डमध्ये न्यू-ओलेसुंद येथे 2008 पासून भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. जहाज न्यू-ओलेसुंदला थांबणार का, हे विचारून ठेवावे. मात्र हवामान आणि बर्फ पाहून मार्ग रोज बदलतो, त्यामुळे कोणत्याही थांब्याची खात्री मिळत नाही.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ड्रेकचा प्रवास आणि गुडघा यांचा विचार करून आम्ही ऑगस्टमधील स्वालबार्डकडे वळलो आहोत. व्हिसाबद्दल काही विशेष दक्षता घ्यावी लागेल का?

खानापूरचा वाटसरू

होय ताई. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) बाहेर आहे, पण जाण्या-येण्याचा मार्ग नॉर्वेतूनच जातो. म्हणजे परतताना शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो. अर्ज करताना किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि जहाजाच्या आरक्षणाचे पत्र सोबत जोडावे.