कृष्णवर्णीय लेखकांची 'मी कोण' विचारणारी पुस्तकं: सुरुवात कुठून, वाचायची कशी?

पानगळ:
आमच्या वाचनकट्ट्यावर आठ जण आहेत. पुढच्या तीन महिन्यांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांची तीन पुस्तकं घ्यायची आहेत, अशी की ज्यांनी वाचकांना स्वतःकडे बघायची नजर दिली. याद्या भरपूर मिळतात. आधी काय, नंतर काय, वाचक कुठे अडतो आणि का, हे कुणी सांगेल का? इंग्रजी सगळ्यांना येतं, बोलीतलं इंग्रजी मात्र जड जातं. शिवाय जुन्या पुस्तकांतला 'निग्रो' हा शब्द चर्चेत वापरावा का?

तळटीप:
पहिलं ड्यूबॉइस यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक', 1903. (आडनावाचा उच्चार ते स्वतः असाच करत, फ्रेंच वळणाचा नाही.) चौदा प्रकरणं आहेत, पण ओळीने वाचू नका. आधी पहिलं, मग थेट चौदावं, मग तिसरं, अकरावं आणि तेरावं. सातवं-आठवं जॉर्जियातल्या कापूस पट्ट्याबद्दल आहे. महत्त्वाचं आहे, पण दाट. बहुतेक गट तिथेच गळतात.

पहिल्या प्रकरणात शाळेतली मुलं दहा सेंटला पाकीटभर भेटकार्डं विकत घेतात आणि एकमेकांना देतात. नवीन आलेली एक उंच मुलगी लहानग्या ड्यूबॉइसचं कार्ड घेत नाही. बोलतही नाही, नुसता एक कटाक्ष टाकते. 'दुहेरी जाणीव' ही पुढे जगभर गेलेली कल्पना या प्रसंगाच्या पाठोपाठच येते. इथे हमखास एक चूक होते. दुहेरी जाणीव म्हणजे 'धड इकडचा ना तिकडचा' असा गोंधळ, असं लोक समजतात. ड्यूबॉइस सांगतात ते वेगळं आहे: स्वतःला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागणं, त्याच्याच फूटपट्टीने मोजावं लागणं. त्याच परिच्छेदात ते याला जादा दृष्टीची देणगीही म्हणतात. ती अर्धी बाजू सुटली तर पुस्तक नुसतं रडगाणं वाटतं, आणि ते तसं अजिबात नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर कवितेच्या ओळी आणि त्याखाली स्वरलिपीची एक पट्टी आहे. गाण्याचं नाव नाही, शब्द नाहीत. ती गुलामांच्या गाण्यांची आहे. पहिल्या प्रकरणावरचं गाणं 'नोबडी नोज द ट्रबल आय हॅव सीन'. चौदावं प्रकरण या गाण्यांवरच आहे, म्हणून ते आधी वाचायचं. बैठकीत दोन गाणी ऐकवा आणि मग चर्चा सुरू करा.

आपल्याकडचा धागाही खरा आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यूबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

दिवेलागण:
क्रम पटला. दुसरं टोनी मॉरिसन यांचं 'द ब्लूएस्ट आय' (1970) घ्या. लहान आहे, पण पहिल्याच पानावर लोक चुकतात. शाळेच्या वाचनपाठातला हिरव्या-पांढऱ्या घराचा उतारा तीनदा छापलाय: एकदा नीट, एकदा विरामचिन्हांशिवाय, एकदा शब्दांमधली जागाही काढून. छपाईची चूक समजून पान उलटू नका. याच चिकटलेल्या ओळींचे तुकडे पुढे मथळे म्हणून येतात आणि तीच वाचनाची किल्ली आहे. असा मथळा नसलेला भाग क्लॉडिया ही मुलगी स्वतः सांगते, मथळ्याखालचा भाग तिच्या तोंडचा नाही. 'घर' म्हटलं की खाली पकोला या काळ्या मुलीच्या कुटुंबाचं पडकं दुकानवजा घर, 'आई' म्हटलं की पकोलाची आई. पाठ्यपुस्तकातलं सुख आणि खालचं जगणं शेजारी शेजारी ठेवलंय.

वेळ कमी असेल तर मिठाईच्या दुकानाचा प्रसंग मोठ्याने वाचा. पकोला तीन सेंट घेऊन 'मेरी जेन' गोळ्या घ्यायला निघते. वाटेतली पिवळी रानफुलं तिला छान वाटतात. दुकानदार तिच्याकडे बघतो, पण तिला पाहतच नाही. तिच्या हातातून पैसे घेताना तो क्षणभर कचरतो. नऊ गोळ्या मिळतात, वेष्टनावर निळ्या डोळ्यांची मुलगी. परतताना तीच फुलं तिला कुरूप वाटतात. फुलं तीच, वाटही तीच. ड्यूबॉइसच्या त्या मुलीचा कटाक्ष इथे पुन्हा भेटतो, फक्त इथल्या पोरीकडे त्याला उत्तर नाही.

पकोलावर बापाकडून होणारा अत्याचार पुस्तकात आहे, हे गटाला आधी सांगा. त्यात रहस्यभंग नाही, मॉरिसनच ते सुरुवातीला सांगून टाकतात.

काठावरून:
तिसरं झोरा नील हर्स्टन, 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड', 1937. बोलीची भीती वीस-पंचवीस पानांत जाते, अट एकच: डोळ्यांनी नाही, कानांनी वाचायचं. 'आय' म्हणजे मी, त्याचं 'आह' होतं; 'दॅट'चं 'डॅट', 'विथ'चं 'विड'. इतकं बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. रूबी डी यांच्या आवाजातलं ध्वनिपुस्तक आहे, पहिली दोन प्रकरणं त्यावर ऐका. निवेदन प्रमाण इंग्रजीत आणि संवाद बोलीत आहेत, मग अधूनमधून दोन्ही एकमेकांत मिसळतात. तिथे पेन्सिलने खूण करा. मराठीत समजावताना संवाद वऱ्हाडीत किंवा मालवणीत नेऊ नका. कादंबरीतलं फ्लोरिडातलं ईटनव्हिल गाव पुसलं जातं आणि ऐकणाऱ्याला विदर्भ दिसायला लागतो.

दुसऱ्या प्रकरणात सहा वर्षांची नायिका जेनी सगळ्या मुलांच्या फोटोत स्वतःला शोधते आणि तिला ती सापडत नाही. गोऱ्या मुलांसोबत वाढलेली, म्हणून आपणही त्यांच्यासारख्याच असं तिला वाटत असतं. फोटोतली ती काळी मुलगी म्हणजे आपणच, हे तिला दुसऱ्यांनी दाखवावं लागतं. कार्ड, गोळी, फोटो: या तीन प्रसंगांवरच तीन बैठका होतील.

शब्दाबद्दल. उतारा वाचताना 'निग्रो' तसाच ठेवा, स्वतः बोलताना 'कृष्णवर्णीय' म्हणा. शिवीसारखा वापरला जाणारा दुसरा शब्द मोठ्याने वाचू नका, तिथे थांबून पुढे जा. 'निग्रो'तलं पहिलं अक्षर मोठं छापावं यासाठी ड्यूबॉइस अनेक वर्षं भांडले. न्यूयॉर्क टाइम्सने ते 1930 मध्ये मानलं. देवनागरीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे मराठी अनुवादात ही लढाई दिसत नाही. ती तुम्हाला तोंडी सांगावी लागेल.

पानगळ:
उत्तम. एलिसन यांचं 'इन्व्हिजिबल मॅन' मोठं आहे म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते चौथं घ्यावं का?

दिवेलागण:
घ्या, पण एका महिन्यात बसवू नका. पाचशेच्या वर पानं आहेत, दोन महिने द्या. नायकाला पहिल्या प्रकरणात चामड्याची एक बॅग मिळते. तिच्यात काय काय जमा होतं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. अखेरीस तळघराच्या अंधारात तो त्यातले कागद उजेडासाठी एकेक करून जाळतो, आणि दोन चिठ्ठ्यांवरचं अक्षर एकच असल्याचं त्याला तेव्हा कळतं. यादी हाताशी नसेल तर ते पान नुसतं वाचून जातं.