पाण्यावरून उडणारं आरसी (रिमोटवर चालणारं) विमान पहिल्यांदाच बनवतोय, हल करू की फ्लोट लावू?

बॅकवॉटर_इंदापूर

नमस्कार मंडळी. राहायला हडपसरला, मामाचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला लागून, इंदापूर तालुक्यात. २०१७ च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीला सीप्लेनची चाचणी झाली तेव्हाचे व्हिडिओ बघितल्यापासून हे डोक्यात बसलंय की आपण स्वतः एक छोटं बनवायचं आणि मामाच्या गावाला पाण्यावरून उडवायचं. आरसीचा अनुभव म्हणाल तर मित्राचं विमान हवेत असताना थोडा वेळ रिमोट हातात घेतलाय, टेकऑफ लँडिंग कधीच नाही. फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट घेतलाय, २२०० एमएएचची ३ सेल लिपो बॅटरी आहे, बाकी सगळं घ्यायचंय.

प्रश्न असे की पहिलंच विमान डायरेक्ट सीप्लेन केलं तर चालेल का, होडीसारखं पोट (हल) असलेलं करू की साध्या विमानाला खाली दोन फ्लोट (तरंगणारे पाय) लावू, आणि पाणी आत गेलं तर इलेक्ट्रॉनिक्सचं काय होतं? बजेट जास्त नाहीये पण वेळ भरपूर आहे, घाई अजिबात नाही.

उडता_सुतार

घाई नाही म्हणालात ते फार बरं झालं. माझं स्पष्ट मत सांगतो, उडवायला जमिनीवर शिका आणि पाणी नंतर घ्या, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकदम शिकायला गेलं की विमान का पडलं हेच कळत नाही. आधी फोनवर पिकासिम हा विमान उडवायचा सिम्युलेटर टाका, फुकट आहे, विमान स्वतःकडे येताना डावं-उजवं उलटं होतं ते डोक्यात बसेपर्यंत रोज थोडं थोडं करा. मग फोमचा वरच्या पंखाचा साधा ट्रेनर (शिकायचं विमान). तो गवतावर सलग उतरवता यायला लागला की सीप्लेनला हात घाला, आणि ट्रेनरची मोटर, सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) यातलं बरंचसं तुम्हाला नंतर काढून वापरता येईल त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

हल की फ्लोट म्हणाल तर पहिल्यासाठी हल करा. फ्लोट दिसायला मस्त पण दोन्ही एकमेकांना बरोबर समांतर बसवणं, तारा नाहीतर कार्बन रॉडचे पाय मजबूत करणं, वजन वाढणं, आणि वारा बाजूने आला की उंच विमान उलटणं, हे सगळं मागे लागतं. हलमध्ये वजन पाण्याजवळ राहतं, पंखांच्या टोकांना छोटे फ्लोट लावले की झालं. मोटर पंखाच्या वर खांबावर, मागे तोंड करून, म्हणजे प्रोप (मोटरचा पंखा) पाण्याच्या फवाऱ्यापासून लांब राहतो. २२१२ साइजची १४०० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला १४०० फेरे) मोटर, ८ इंची प्रोप, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट), पंख साधारण १ मीटर आणि तयार विमानाचं वजन ७००-८०० ग्रॅमच्या आत ठेवा.

आता मुख्य गोष्ट, पोटाखालची स्टेप. हलचा तळ सलग गुळगुळीत केला तर मोटर कितीही ओरडली तरी विमान पाणी सोडत नाही, कारण पाणी मागच्या वळणाला चिकटून शेपटी खाली ओढून धरतं. म्हणून तळाला मध्येच एक पायरी देतात, तिथून पाणी तुटतं, मागे हवा शिरते आणि विमान पुढच्या भागावर घसरायला लागतं. ही अडचण खऱ्या विमानांनाही आली होती, १९१२ मध्ये कर्टिसची पहिली फ्लाइंग बोट पाणी सोडेना, तळाला स्टेप दिल्यावर जमलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत तीच युक्ती चालू आहे. तुमच्या साइजला ८-१० मिमी खोल स्टेप पुरे, जागा सीजीच्या (विमानाचा तोल साधतो त्या बिंदूच्या) बरोबर खाली किंवा १-२ सेंमी मागे. फार मागे गेली तर नाक उचलायला एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलणारी पट्टी) पुरत नाही, पुढे आली तर विमान शेपटीवर बसतं आणि पाण्यावर उड्या मारतं. स्टेपच्या मागचा तळ शेपटीकडे ५-७ अंश वर चढता ठेवा. तळाच्या दोन्ही कडा धारदार ठेवा, सँडपेपरने गोल करू नका, पाणी तिथूनच तुटून बाहेर फेकलं जातं. सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५-२८ टक्क्यांवर.

मटेरियल घेताना दुकानात जाऊन शीट हातात उचलून बघा, सनबोर्ड मागितला की कधी पीव्हीसीचा जड बोर्ड देतात, तो नको. डेप्रॉन किंवा एक्सपीएस हा हलका फोम मिळाला तर उत्तम. कागद चिकटवलेला फोमबोर्ड असेल तर कागद पाणी पितो आणि सुटतो, तो आधी पूर्ण पॅकिंग टेपने नाहीतर पीयूच्या (पॉलीयुरेथेन वॉर्निशच्या) कोटने झाकावा लागतो, आणि कापलेल्या कडा पण, लोक कडाच विसरतात. साधा फेविक्विक फोम खातो, त्यामुळे ग्लू गन किंवा ५ मिनिटवाला इपॉक्सी.

सोल्डर_सातारा

वरचं सगळं बरोबर, मी फक्त वायरिंगचं सांगतो. भावा ब्रशलेस मोटरला पाण्याची भीती नसते, वायरवर इनॅमल असतं, ती ओली चालते. गंजतं ते बेअरिंग. उजनीचं पाणी गोडं आहे म्हणून सोपंय, मोटर सुकवून बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. पण सुट्टीत कोकणात जाऊन समुद्रावर उडवलं तर घरी यायची वाट बघायची नाही, तिथेच बाटलीभर गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, खारं पाणी आणि चालू बॅटरी एकत्र आली की कनेक्टरचं तांबं बघता बघता हिरवं होतं.

ईएससी आणि रिसीव्हरच्या बोर्डवर सिलिकॉनचा कन्फॉर्मल कोट (पाणी रोखणारा पातळ थर) मार, पिनांवर आधी टेप लाव नाहीतर कनेक्शनच लागणार नाही. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधलं तरी छान काम होतं. तो पोटात तळाला ठेवू नको, वर पंखात ठेव, कारण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही, विमान उलटं झालं आणि अँटेना बुडली की कंट्रोल गेला. त्यासाठीच फेलसेफ सेट कर, सिग्नल तुटला की थ्रॉटल (मोटरची पॉवर) शून्य. आणि हे प्रोप काढून, रिमोट बंद करून घरी तपास, नुसतं मेनूत सेट केलं म्हणजे झालं असं धरू नको. बॅटरीच्या झाकणाला चारी बाजूंनी इलेक्ट्रिकल टेप. शेपटीजवळ एक भोक ठेवून त्यावर पण टेप लाव, आत आलेलं पाणी उतरल्यावर तिथून काढता येतं, नाहीतर तेच पाणी पुढच्या उड्डाणात मागे जातं आणि सीजी पार हलतो.

पाणपक्षी

विमानाचं मला कळत नाही पण बॅकवॉटरचं नाव वाचलं म्हणून लिहिते. तुम्ही जिथे म्हणताय तिथे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या सगळ्या पट्ट्यात थंडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात, पट्टकादंब हंस येतात, बदकं येतात. एक विमान डोक्यावरून गेलं की सगळा थवा उठतो, त्यांचं चरणं थांबतं, आणि कितीतरी घरांचं पोट त्या पक्ष्यांवर, पर्यटकांना होडीतून फिरवण्यावर चालतं. कृपा करून नोव्हेंबर ते एप्रिल तिथे उडवू नका. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं आणि पाहुणे अजून यायचे असतात, तेव्हासुद्धा पक्षी बसलेले दिसले तर दुसरा काठ बघा.

दुसरं म्हणजे मासेमारीची जाळी. वरून दिसत नाहीत, विमान अडकलं तर त्यांचं जाळं फाटतं. आधी जाऊन कोळी बांधवांना विचारा, मामा ओळखत असतीलच. आणि विमान लांब बंद पडलं तर पोहत जाऊ नका, पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत, जाळी आहेत. होडीवाल्याला सांगा, नाहीतर वाऱ्याने काठाला लागेपर्यंत थांबा.

उडता_सुतार

पाणपक्षी ताईंना शंभर टक्के अनुमोदन. त्यात भर एवढीच की शेततळ्यात प्रयोग करायचा मोह होईल, करू नका. उडायला जागा कमी आणि प्लास्टिकचा उतार इतका निसरडा असतो की आत घसरलेल्या माणसाला एकट्याने बाहेर येता येत नाही. तरंगण्याची टेस्ट घरच्या हौदात करा, टॅक्सीची (न उडवता पाण्यावर चालवायची) प्रॅक्टिस उथळ पाझर तलावाच्या काठाला.

नियमांचं पण बघून घ्या, २ किलोच्या आत आणि निव्वळ छंद असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलट लायसन लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर जागा हिरवी आहे ना ते पहा आणि ४०० फुटांच्या खाली रहा. बारामतीचं विमानतळ त्या भागात आहे, तिथे पायलटांचं ट्रेनिंग चालतं, खरं विमान दिसलं की आपलं लगेच खाली. आणि पुण्यात जवळ म्हणून खडकवासल्याला जाऊ नका, शेजारी एनडीए (लष्करी अकादमी) आहे.

बॅकवॉटर_इंदापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, पक्ष्यांचं खरंच लक्षात आलं नव्हतं, ऑक्टोबरच धरतो आणि मामाला जाळ्यांचं आजच विचारतो. हल पक्कं. एक शंका, मोटर वर खांबावर असली की थ्रॉटल दिल्यावर नाक खाली दाबलं जाईल ना? मग पाण्यावरून उठायचं कसं?

उडता_सुतार

दाबलं जातं, म्हणूनच थ्रॉटल एकदम द्यायचा नाही. तोंड वाऱ्याकडे, एलिव्हेटर पूर्ण मागे ओढलेला, आणि थ्रॉटल हळूहळू. आधी नाक वर येऊन विमान पाणी ढकलत जड चालतं, मग एका वेगाला ते चढून स्टेपवर येतं आणि आवाजच बदलतो, तेव्हा एलिव्हेटर जवळजवळ मधोमध सोडा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि पळू द्या. ओढून उचलू नका, वेग झाला की ते स्वतः सुटतं. या टप्प्यात दिशा रडरने (शेपटीच्या उभ्या पट्टीने) धरा, त्यासाठी रडर खाली पाण्यात २-३ सेंमी जाईल एवढा लांब करा. वेग कमी असताना एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) दिला तर टोकाचा फ्लोट पाण्यात रुततो.

उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करू नका, वर बसलेली मोटर बंद झाली की नाक वर उठतं. थोडी पॉवर ठेवून, नाक किंचित वर, स्टेपवर टेकवायचं. पाणी आरशासारखं शांत असेल तर थांबा, सुटायलाही जड जातं आणि उंचीचा अंदाजही चुकतो, बारीक लाटा असलेल्या उत्तम. आणि पाण्यावर नेण्याआधी मऊ गवतावर हाताने फेकून दोन-तीन उड्डाणं करून ट्रिम (सरळ उडण्यासाठीची बारीक जुळवणी) लावून घ्या, फेकणाऱ्याने पोटाखाली पुढे धरायचं, हात प्रोपपासून लांब.

बॅकवॉटर_इंदापूर

आणि मोटरचं तोंड मागे असलं की प्रोप पण उलटा लावायचा का?

सोल्डर_सातारा

प्रोपवर अक्षरं असलेली बाजू कायम विमान जातं त्या दिशेला, मोटर पुढे असो नाहीतर मागे. ती तशी लावून मोटर उलटी फिरत असेल तर मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायर अदलाबदल कर. फक्त नट प्रत्येक उड्डाणाआधी आवळून बघ, उलट्या फिरण्यात तो सैल होऊ शकतो.