६६ ची मस्टँग आहे तशी घ्यावी की ६७ ची फास्टबॅक प्रोजेक्ट म्हणून?

रावेरकर
राम राम मंडळी. माझा लहान भाऊ ओहायोला नोकरीला आहे, आम्हा दोघांना जुन्या गाड्यांचा पहिल्यापासून नाद, आता त्याच्या घराला मोठं गॅरेज आहे तर म्हणतो दादा एक फोर्डची जुनी मस्टँग घेऊनच टाकू. दोन बघून ठेवल्यात. एक १९६६ ची कूपे, सहा सिलिंडर, ॲरिझोनाची, एकाच घरात राहिलेली, कधी रिस्टोर झालेली नाही, टप आणि बॉनेटचा रंग उन्हानं पार उडालाय, डॅशबोर्डला भेगा, ड्रायव्हर सीट फाटलेलं पण गाडी चालू आहे, १४ हजार डॉलर सांगतात. दुसरी १९६७ ची फास्टबॅक, म्हणजे टप मागं थेट उतरत गेलेली, ओहायोतलीच, इंजिन काढून बाजूला ठेवलंय, निम्मे पार्ट खोक्यांमध्ये, विकणारा सांगतो मूळची ३९० क्युबिक इंचाच्या व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची गाडी आहे, भाव २२ हजार. भावाचा जीव फास्टबॅकवर अडकलाय. कारखान्यानं गाडीवर ठोकलेल्या ओळख नंबरची सुरुवात पहिलीची ६एफ०७टी आणि दुसरीची ७आर०२सी. पुढेमागे गाडी खान्देशात आणायचं पण मनात आहे. जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

धुळे_डेंटिंग
भाऊ, इंजिन-बिंजिन नंतर, आधी पत्रा बघा. माझं काम ट्रकच्या केबिनचं, पण एका खान्देशी पाव्हण्याच्या मस्टँगचे काम सुरू असतानाचे फोटो त्यानं मला दाखवले होते, त्यावरून सांगतो. या गाड्यांना आपल्या जुन्या जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, म्हणजे फ्लोअरखालची रेल सडली की गाडीचा कणाच गेला. फ्लोअरचा पत्रा नवा मिळतो, मडगार्ड मिळतं, दरवाजे मिळतात, ते काम कोणीपण नीट वेल्डर करेल. खरी गोम आहे पुढच्या काचेखाली जी हवेची जाळी असते तिथं. त्या जाळीतून पाणी आत पेटीत जातं, पालापाचोळा साचतो, आतून गंजतं, बाहेरून काही दिसत नाही. भावाला सांगा त्या जाळीवर बाटलीभर पाणी ओतायचं आणि आत पाय ठेवायच्या जागेकडे बघायचं. थेंब पडला तर समजून जा, ती पेटी उघडायला वरच्या पत्र्याचे सगळे स्पॉट वेल्ड ड्रिलनं काढावे लागतात, तिथं मजुरीच गाडीच्या भावाला टेकते. आणि एक लोहचुंबक खिशात ठेवायचा, मागच्या चाकाच्या कमानीवर आणि दरवाजाच्या खाली फिरवायचा, चिकटला नाही तर आत पुट्टी भरलीय. ओहायोत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्या मिठानं खालून गाडी खाल्लेली असते. ॲरिझोनात हवा कोरडी, आपल्या मे महिन्यासारखी, रंग आणि रबर जाईल पण पत्रा राहतो.

भुसावळ_ते_फिनिक्स
धुळेवाल्या भाऊंनी बरोबर सांगितलं, मी इकडेच राहतो, वाळवंटातल्या गाडीला मागणी असते ती याचमुळे.

आता नंबरकडे या. ६एफ०७टी म्हणजे १९६६ ची, डिअरबॉर्न कारखान्यातली, हार्डटॉप म्हणजेच तुमची कूपे, आणि टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर, विकणारा जे सांगतो तेच नंबर सांगतोय. दुसऱ्या गाडीचं मात्र गणित बसत नाही. ७आर०२सी म्हणजे १९६७, सॅन होजे कारखाना, ०२ फास्टबॅक इथपर्यंत ठीक, पण पाचवं अक्षर सी आहे आणि सी म्हणजे २८९ चं दोन बॅरल कार्बोरेटरचं इंजिन. ३९० असती तर तिथं एस पाहिजे होता. म्हणजे ३९० कोणीतरी नंतर आणून बसवलंय, त्यात गुन्हा काही नाही, पण मूळची ३९० म्हणून पैसे मोजायचे नाहीत. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो, त्यात कारखान्यातून गाडी कोणत्या इंजिनानं, रंगानं निघाली ते सगळं येतं, तो काढल्याशिवाय बयाणा देऊ नका. ६६ साठी तो मिळत नाही, तिथं ड्रायव्हरच्या दरवाजावरची प्लेट वाचायची.

आणि दादा, कूपे घेतलीच तर कृपा करून तिला रंग देऊ नका. मूळ रंग, मूळ सीटचं कापड, कारखान्यातल्या माणसानं खडूनं केलेल्या खुणा हे एकदा घासलं की कितीही पैसे टाकून परत येत नाही. १९६६ मध्ये मस्टँग सहा लाखांच्या वर बनल्या, पण हात न लागलेल्या आता शोधाव्या लागतात. सहा सिलिंडर म्हणून नाक मुरडणारे भेटतील, मला तर १२० हॉर्सपॉवरची ती शांत गाडी फार आवडते. फक्त ब्रेककडे लक्ष द्या, ६६ पर्यंत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, एकाच सर्किटचा होता, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटचा बसवता येतो, जुना काढून जपून ठेवायचा.

अमळनेरचे_आबा
मी भावाच्या बाजूनं बोलतो. फास्टबॅकची ती मागची उतरती लाइन बघून ज्याला झोप येत नाही त्याला कूपे देऊन समाधान होणार नाही. आणि स्वतःच्या हातानं गाडी उभी करण्यात जी मजा आहे ती रेडी गाडीत नाही. कूपे घेऊन त्यात व्ही-एट टाकू असं नंतर डोक्यात येईल, ते सोपं नाही हे पण ऐका, सिक्सच्या चाकाला चार नट, व्ही-एटच्या चाकाला पाच, म्हणजे पुढचे स्पिंडल, ब्रेक, मागचं एक्सल, स्प्रिंगा, रेडिएटर सगळंच बदलावं लागतं. त्यापेक्षा पत्रा चांगला निघाला तर फास्टबॅकच घ्या, २८९ ची म्हणून भाव पाडून.

चाळीसगाव_मोटार
आबांचं मन कळतं, पण खान्देशात आणायची असेल तर एक नियम बघा. २०२१ पासून आपल्याकडे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए येतं, फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल झालेले चालत नाहीत. २८९ च्या नंबरवर ३९० बसवलेली गाडी तिथं अडकू शकते. हात न लागलेली कूपे या नियमात सरळ बसते. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. डाव्या हाताचं स्टिअरिंग असेल तर इंडिकेटर चालू लागतात. कस्टम ड्यूटीचं आधी एजंटकडून लिहून घ्या, तो आकडा बघूनच ठरवा.

रावेरकर
सगळ्यांचे आभार, मनापासून. भावाला रात्री फोन लावला, सी चं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. रविवारी फास्टबॅकवर पाणी ओतून बघतो म्हणाला, आबांसाठी. कूपेच्या मालकाकडून दरवाजाच्या प्लेटचा फोटो मागवलाय. आणखी काय बघायला सांगू?

धुळे_डेंटिंग
डिक्की उघडून चटई उचलायला सांगा. ६६ ला पेट्रोल टाकीचा वरचा भाग हाच डिक्कीचा फ्लोअर असतो, तिथं कडेनं गंज आहे का आणि पेट्रोलचा वास येतो का ते बघा. टायर कितीही जाडजूड दिसले तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. जुने निघाले तर त्याच टायरवर गाडी घरी आणायची नाही, ट्रेलरवर टाका.