सेंट्रिंगशिवाय विटांचं कमानी छत: कुणी बांधलंय का?

आटपाडीकर:
शेतात १० बाय १४ची खोली काढतोय. पातळ विटा आडव्या चिकटवत, खाली फळ्या-टेकू न लावता छत करतात, असा व्हिडिओ पाहिला. स्पेनची जुनी रीत म्हणे. आमचे मिस्त्री म्हणाले, "डोक्यावर येईल." भट्टीची वीट चालेल का?

गवंड्याची लेक, कराड:
दादा, मिस्त्रींचं चुकलं नाही. माझे वडील चुन्यात कमानी बांधायचे, पण खाली लाकडी फर्मा असायचाच. मीही विश्वास ठेवला तो परड्यात चार फुटांची कमान करून पाहिल्यावरच.

भट्टीची वीट नको, वजनानं सुटते. गच्चीला घालतात ती पाऊण इंची भाजकी फरशी घ्या. दोन कडांना प्लास्टर ऑफ पॅरिस लावायचं, शेजारच्या फरशीला दाबून धरायचं. थोड्या वेळात बोटांना कळतं, पकडलंय. हात काढला की ती हवेत तशीच राहते. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. प्लास्टर मूठमूठच कालवा. मी घमेलंभर कालवलं, ते घमेल्यातच दगड झालं.

हा थर म्हणजे नुसता साचा. त्यावर सिमेंट किंवा चुन्यात दुसरा, तिसरा थर, सांधे चुकवून. प्लास्टरला ओल सोसत नाही, म्हणून वरून पाणी अडवलंच पाहिजे.

व्हॅलेन्सियाचा राफाएल गुआस्ताविनो १८८१ साली ही विद्या अमेरिकेला घेऊन गेला. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर त्याच्या कंपनीच्या छतात २८ हजारांवर फरश्या आहेत. पुढे दुरुस्तीत फक्त १७ बदलाव्या लागल्या. दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वेला तर गावच्याच बेकार माणसांनी माती-सिमेंट दाबून फरश्या पाडल्या आणि त्यांचे घुमट उभे केले. आपल्या पोरांना का जमू नये?

पाटणकर:
ताई, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आमच्या आजोबांच्या घराची भिंत गेली. असलं छत टिकेल?

गवंड्याची लेक, कराड:
काका, रास्त भीती आहे. कमान भिंतींना बाहेर रेटते. भिंतींवर आरसीसी पट्टा, दोन्ही भिंतींना बांधून धरणारी आरपार लोखंडी सळई आणि इंजिनिअरचा हिशेब, याशिवाय माणसं झोपतात त्या खोलीवर मी बांधणार नाही. काळ्या रानात पाया हलतो, तिथं तर नाहीच.

आटपाडीकर दादा, आधी पाण्याच्या टाकीवर छोटी करा. पाऊस उघडला की मी येते. प्लास्टरचं पोतं तेवढं ताजं आणा, दमटलेलं धरत नाही.