मदत हवी आहे: यरुशलेम ते यरीहो रस्ता

नमस्कार मंडळी. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक, अध्याय १०) शिकवायचा आहे, आणि या वेळी नकाशा समोर ठेवूनच. येशूच्या या दाखल्यात यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात; याजक (मंदिरातला पुजारी) आणि लेवी (मंदिरातला सेवक) त्याला पाहूनही बाजूने निघून जातात, आणि परका शोमरोनी त्याला मदत करतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही जवळपास २५० मीटर खाली. म्हणजे २५-३० किलोमीटरांत हजार मीटरचा उतार, तोही यहूदियाच्या ओसाड रानातून, कडेकपारींतून. लुटारूंना दबा धरायला याहून सोयीची जागा कुठली! ऐकणाऱ्यांना हा रस्ता ठाऊकच होता, म्हणून येशूला वर्णन करत बसावं लागलं नाही.

माझा खरा प्रश्न याजकाबद्दल आहे. तोही त्याच वाटेने खाली चालला होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून. मग 'तो माणूस मेलेला असेल, तर मंदिरातल्या सेवेआधी प्रेताला शिवल्याचा विटाळ नको म्हणून याजक थांबला नाही' हे नेहमीचं स्पष्टीकरण टिकतं का? मला तरी ते पटत नाही. लेव्याची दिशा लूक सांगत नाही, ती गोष्ट वेगळी.

कुणी याचा अभ्यास केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. आणि चढ-उतार दाखवणारा, मराठी नावं असलेला नकाशा किंवा वादी केल्टचे (या रस्त्यालगतची खोल दरी) फोटो असतील तर इथेच टाका. वर्ग येत्या रविवारी आहे.