जंतू तोच, वाण वेगळा

पोटातल्या अल्सरचं (व्रणाचं) खापर मिसळीच्या तर्रीवर फोडतात, ते पटलं नाही. कोथरूडला भावाची एंडोस्कोपी झाली तेव्हा जठराचा इवलासा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला, बघता बघता जेल गुलाबी. म्हणजे जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू हजर! आईचीही तपासणी पॉझिटिव्ह, पण तिला कसलाच त्रास नाही.

कोणाला त्रास होतो, यात जंतूच्या वाणाचाही (उपप्रकाराचाही) हात असतो. काही वाणांत कॅग-ए जनुक असतं. त्याचं प्रथिन जंतू सुईसारख्या नळीतून थेट जठराच्या पेशीत टोचतो. तिथे अल्सर आणि कर्करोग, दोन्हींचा धोका वाढतो. जपान-कोरियातलं कॅग-ए पेशीची वाढ सांभाळणाऱ्या शिप-२ प्रथिनाला पाश्चात्त्य प्रकारापेक्षा घट्ट चिकटतं. आपल्याकडे मात्र कॅग-ए सर्रास असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमीच. म्हणजे सगळं जनुकावरही ढकलता येत नाही.

भावाचा १४ दिवसांचा कोर्स संपला. तर्री अजून मागतोच.